तंबूलाही ऊन लागतं!

वर्ध्याच्या उन्हाळ्यात माणसाला ऊन लागतं, हे सांगायला आपल्याकडे डॉक्टर लागत नाही. आपण डोक्याला दुपट्टा बांधतो, खिशात कांदा ठेवतो, घरी पोचलो की कैरीचं पन्हं पितो. बैल सावलीत बांधतो. अहो, गाडीच्या सीटवरसुद्धा कापड टाकतो! पण घर पडलेल्या माणसाला आपण जे कापड डोक्यावर धरायला देतो, त्या कापडालाही ऊन लागतं, ही गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही. तंबू म्हटला की आपल्याला पाऊस आठवतो. पाणी गळेल का, वाऱ्याने उडेल का, एवढंच आपण विचारतो. तंबूचा खरा शत्रू मात्र पावसाच्या आधी येऊन, महिनोन्‌महिने शांतपणे आपलं काम करून गेलेला असतो.

माझं स्पष्ट मत आहे की मदतीसाठी तंबू किंवा ताडपत्री घेताना, साठवताना आणि वाटताना "हे कापड आपल्या इथलं ऊन किती महिने सोसेल?" हा प्रश्न सगळ्यात आधी विचारला पाहिजे. आणि त्याचं उत्तर शोधायचं काम आपल्यासारख्या इंजिनिअरिंग कॉलेजांचं आहे. का, ते सांगते.

आधी हॉस्टेलमधलंच उदाहरण घेऊ, म्हणजे कोणी झोपणार नाही. टेरेसवर कपडे वाळत घालायची निळी किंवा पिवळी दोरी सगळ्यांनी पाहिली आहे. आपण तिला "नायलॉनची दोरी" म्हणतो, पण बहुतेक वेळा ती पॉलिप्रॉपिलीनची असते. नवी असताना ती हाताने तुटत नाही. एक उन्हाळा गेला की तिच्यावर केसाळ कुसळं येतात, हाताला भुकटी लागते आणि मग एक दिवस ओल्या जीन्सच्या वजनाने ती तुटते. दोरीने उन्हाळ्यात काही जड काम केलं होतं का? नाही. ती फक्त उन्हात होती. तंबूचं आणि ताडपत्रीचं अगदी हेच होतं, फक्त त्यांच्याखाली जीन्स नसते, माणसं असतात.

आता थोडं सायन्स. घाबरू नका, फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीपेक्षा जास्त काही नाही. प्लास्टिकचा धागा म्हणजे कार्बनच्या लांबच लांब साखळ्या. कार्बन-कार्बन बंध तोडायला साधारण ३५० किलोज्यूल प्रति मोल एवढी ऊर्जा लागते. सूर्याच्या अतिनील किरणांमधली ३०० नॅनोमीटरच्या आसपासची जी किरणं जमिनीपर्यंत पोचतात, त्यांच्यात सुमारे ४०० किलोज्यूल प्रति मोल ऊर्जा असते. म्हणजे हिशोब सरळ आहे, तोडणाऱ्याकडे तोडण्यापुरती ताकद आहे.

गंमत म्हणजे शुद्ध पॉलिथिलीन ही किरणं फारशी शोषत नाही. पण कारखान्यात शुद्ध असं काही नसतं. धागा काढताना दिलेल्या उष्णतेने झालेलं थोडं ऑक्सिडेशन, कॅटॅलिस्टचे उरलेले कण, या जागा किरणं पकडतात. तिथे एक बंध तुटला की फ्री रॅडिकल तयार होतो, तो हवेतला ऑक्सिजन ओढतो, त्यातून पेरॉक्साइड बनतं, ते फुटून आणखी रॅडिकल देतं. म्हणजे एकदा सुरुवात झाली की हे प्रकरण स्वतःच स्वतःला वाढवत नेतं. हॉस्टेलमधल्या अफवेसारखं! त्यात तापमान जास्त असलं की या सगळ्या क्रियांचा वेग वाढतो. उन्हात तापलेल्या ताडपत्रीचं तापमान हवेपेक्षा बरंच जास्त असतं, हे वेगळं सांगायला नको.

यातली सगळ्यात फसवी गोष्ट अशी की कापड दिसायला ठीकच दिसतं. साखळ्या आतून लहान लहान होत जातात आणि पहिल्यांदा जाते ती ताणली जाण्याची क्षमता. जे कापड आधी वाऱ्याचा झटका बसला की थोडं लांबून पुन्हा जागेवर यायचं, ते आता काचेसारखं वागायला लागतं. स्ट्रेन्थ ऑफ मटेरियल्सच्या भाषेत, डक्टाइल होतं ते ब्रिटल झालं. शांत हवेत ते महिनाभर तसंच उभं राहील. पण जूनमधलं पहिलं वादळ आलं की कडीपासून, घडीच्या रेषेवरून किंवा शिलाईवरून टर्र्‌कन फाटेल. लोक म्हणतात, "वादळाने तंबू फाडला." वादळाने फक्त शेवटची सही केली. बाकी सगळी फाइल उन्हाने आधीच तयार करून ठेवली होती.

सगळी कापडं सारखी नसतात हेही खरं. पॉलिप्रॉपिलीन उन्हाला सगळ्यात लवकर हार मानणाऱ्यांपैकी. पॉलिएस्टर त्यापेक्षा बरं. ॲक्रिलिक तर उन्हात फारच टिकतं, पण महाग. आपल्या कापसाचा कॅनव्हाससुद्धा सुटत नाही. सेल्युलोजच्या साखळ्याही उन्हाने तुटतात, काही रंगांमुळे तर जास्तच. वर ओल राहिली की बुरशी. हिंगणघाटच्या कापसाचं नाव एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या बाजारात घेतलं जायचं, त्या जिल्ह्यात बसून कापसाबद्दल वाईट बोलणं जिवावर येतं, पण काय करणार!

उपाय नाहीत असं मुळीच नाही. प्लास्टिकमधे स्टॅबिलायझर घालतात. काही स्टॅबिलायझर अतिनील किरणं स्वतः शोषून घेतात, काही तयार झालेले रॅडिकल पकडून गप्प बसवतात. सगळ्यात जुना आणि स्वस्त उपाय म्हणजे काजळी, ज्याला कार्बन ब्लॅक म्हणतात. संत्र्याच्या बागेतली ठिबकची नळी काळी का असते, कधी विचार केलाय? दोन-अडीच टक्के कार्बन ब्लॅकमुळे ती वर्षानुवर्षं उन्हात पडून राहू शकते. मग तंबूही काळे करा ना! पण काळ्या तंबूत मे महिन्यात माणसाने राहायचं कसं? कापड वाचवायला काळं हवं आणि माणूस वाचवायला पांढरं हवं, ही यातली खरी डिझाइनची अडचण आहे. आंतरराष्ट्रीय मदत संस्थांच्या चांगल्या ताडपत्रीत ती छान सोडवलेली आहे. आत काळ्या धाग्याचं विणकाम आणि दोन्ही बाजूंनी हलक्या रंगाचा थर. दर चौरस मीटरला वजन साधारण १९० ग्रॅम. शिवाय लॅबमधे १५०० तास अतिनील दिव्याखाली ठेवल्यावर ताकद किती उरली पाहिजे, याचीही अट असते. आपल्या बाजारात मात्र याच्या निम्म्याहून कमी जीएसएमची ताडपत्री सर्रास मिळते, आणि तिच्यात स्टॅबिलायझर किती आहे हे ना दुकानदाराला माहीत असतं, ना घेणाऱ्याला. स्टॅबिलायझर दिसत नाही, म्हणून काटछाट तिथेच होते.

कोणी म्हणेल, तंबू तात्पुरताच असतो, दोन-चार आठवड्यांचा प्रश्न! माझ्या रूम पार्टनरने हा लेख लिहिताना मला हेच ऐकवलं, "काय वं, सबमिशन सोडून हे काय लिहून राहिली? तंबूत कोणी वर्षभर राहते का?"

राहतात. इतिहास उघडून बघा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात मिळून जवळपास आठ हजार माणसं गेली. बावन्न गावं नव्या जागी वसवावी लागली. पक्क्या घरांत जाईपर्यंत लोकांनी पत्र्याच्या तात्पुरत्या शेडमधे दिवस काढले, आणि ते दिवस आठवड्यांत मोजण्याइतके कमी नव्हते. २६ जानेवारी २००१ ला कच्छचा भूकंप झाला. तिथे तर पुढे थेट उन्हाळाच होता, आणि हजारो कुटुंबांनी तो तंबूत आणि ताडपत्रीखाली काढला. नेपाळचा भूकंप २५ एप्रिल २०१५ चा, दुसरा मोठा धक्का १२ मेचा, आणि महिन्याभरात पावसाळा. तिथेही "तात्पुरत्या" छपराखाली लोकांची वर्षं गेली. बांगलादेशात कॉक्स बझारजवळच्या रोहिंग्यांच्या छावण्या २०१७ पासून बांबू आणि ताडपत्रीवर उभ्या आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेच्या कुटुंबासाठीच्या तंबूकडून अपेक्षा असते ती किमान एक वर्ष टिकण्याची. तंबूचं आयुष्य एक वर्ष आणि पुनर्वसनाला लागणारा वेळ त्याहून मोठा, ही बेरीज कुठे जुळते?

आपल्या भागाचं म्हणाल तर ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुराने नागपूर जिल्ह्यातलं मोवाड एका सकाळीत उद्ध्वस्त केलं, दोनशेहून जास्त माणसं गेली. २०२२ च्या जुलैमधे हिंगणघाटकडे पूर आला तेव्हा लोकांना घरं सोडून निघावं लागलं. आपल्याकडे पुरात लोकांना सहसा शाळेत नेतात, तंबूत नाही, हे मान्य. पण शाळा सुरू झाली की लोक परत जातात ते अर्ध्या पडलेल्या मातीच्या घरात. पंचनामा होतो, आणि पडलेल्या भिंतीवर, उघड्या आढ्यावर ताडपत्री येते. ती कधी काढतात? पैसे मिळून बांधकाम होईपर्यंत नाही.

आता आपलं कॅलेंडर बघा. जुलैमधे टाकलेली ताडपत्री पावसाळा पाहते. मग ऑक्टोबर हीट, मग हिवाळ्यातलं निरभ्र आकाश, मग मार्च ते जून आपला प्रसिद्ध उन्हाळा. मेच्या उत्तरार्धात दुपारी सूर्य वर्ध्याच्या अगदी डोक्यावर येतो, पारा ४५ च्या वर जातो, आणि २५ मेच्या सुमारास नवतपा सुरू होतो. म्हणजे त्या ताडपत्रीची सगळ्यात कडक परीक्षा मे महिन्यात होते आणि लगेच जूनमधे तिच्यावर वादळी पाऊस येतो. आपल्याला परीक्षेच्या आधी प्रिपरेशन लीव्ह तरी मिळते! एखाद्या थंड देशातल्या टेस्टमधे पास झालेलं कापड आपल्या इथे किती गुण मिळवेल, हे त्या सर्टिफिकेटवरून कळत नाही. लॅबमधले १५०० तास म्हणजे वर्ध्याच्या उन्हातले किती महिने, याचं एकच एक गणित नाही. दिवा वेगळा, तापमान वेगळं, ओल वेगळी.

आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. मी कॉन्व्हेंटमधे शिकले, त्यामुळे माझ्या डोक्यात "टेंट" हा एकच शब्द होता. टेंट म्हणजे स्काउटचा कॅम्प आणि ट्रेकिंग. "पाल" हा शब्द मला मेसच्या मावशींनी दिला. गावाबाहेर, रस्त्याच्या कडेला, वीटभट्टीपाशी काठ्या रोवून मेणकापडाचं जे बसकं घर असतं ते पाल. त्यात भटक्या समाजाची कुटुंबं, कामासाठी आलेले मजूर राहतात. ऊसतोड कामगारांची कोपीही त्याच कुळातली. आपल्यासाठी तंबू म्हणजे आपत्ती, यांच्यासाठी तंबू म्हणजे पत्ता! मावशी सहज म्हणाल्या, "पालाचं मेणकापड वर्षाला नवं घ्यावं लागते बाई, उन्हानं त्याचा पापड होते." पापड! एम्ब्रिटलमेंटसाठी मला इतका अचूक मराठी शब्द कुठल्याच पुस्तकात मिळाला नसता. ज्यांच्याकडे सगळ्यात कमी पैसा आहे, ते सगळ्यात कमी टिकणारं कापड दर वर्षी पुन्हा विकत घेतात. स्वस्त ताडपत्री त्यांना महाग पडते, पण महाग ताडपत्री एकदम घ्यायला हातात पैसे नसतात. हा काही नुसता पॉलिमरचा प्रश्न नाही.

"मग सरळ पत्र्याच्या शेड द्या, कंटेनर द्या," असं काही जण म्हणतील. रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली, तेव्हा वाचलेल्यांना कंटेनरच्या घरांत ठेवलं होतं. ते तंबूपेक्षा टिकाऊ, यात वाद नाही. पण कंटेनर न्यायला रस्ता, क्रेन आणि सपाट जागा लागते. हजारो घरं एका रात्रीत पडली तर पहिल्या आठवड्यात पोचू शकतं ते कापडच. आणि मे महिन्यात पत्र्याखाली बसून दाखवावं, मग पुढचं बोलू. कापड लागणारच आहे. म्हणून ते नीट असावं, एवढीच माझी मागणी आहे.

नीट म्हणजे काय? माझ्या अल्पमतीप्रमाणे चार गोष्टी.

पहिली, खरेदी. आपल्याकडे ताडपत्रीसाठी आय.एस. ७९०३ हे मानक आहे. ग्रामपंचायत असो, सामाजिक संस्था असो की आपलं एनएसएस, मदतीचं सामान घेताना "निळी ताडपत्री, १०० नग" असं न लिहिता जीएसएम, मानक आणि अतिनील किरणांची टेस्ट लिहून मागावी. सगळ्यात कमी दर देणाऱ्याकडून घ्यायचं असेल तरी दर नगाचा न काढता "प्रति महिना छप्पर" असा काढावा. मग स्वस्त काय आणि महाग काय ते आपोआप कळेल.

दुसरी, हजेरी. आपली हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली तर नोटीस बोर्डवर नाव लागतं. तंबूच्या उन्हातल्या हजेरीचा मात्र कोणाकडे हिशोब नसतो. एकदा वापरलेला तंबू घडी करून गोडाऊनमधे जातो आणि पुढच्या वेळी नव्यासारखा बाहेर येतो. उन्हाने केलेलं नुकसान घडी घातल्याने भरून निघत नाही, ते साठत जातं. प्रत्येक तंबूला एक कापडी पट्टी शिवा, त्यावर कधी बनला, कधी उभारला, कधी उतरवला, एवढ्या तारखा लिहा. खर्च जवळपास शून्य.

तिसरी, सावली. तंबूच्या वर हातभर अंतर सोडून शेडनेट किंवा जुनी ताडपत्री ताणली, तर ऊन आधी ती खाते. मधल्या हवेमुळे आतली माणसंही कमी भाजतात. वरचं जाळं गेलं तर बदलता येतं. आपण उन्हाळ्यात अंगणात मांडव घालतोच की! तीच अक्कल इथे वापरायची. आणि तपासणी पावसाळ्यात गळायला लागल्यावर न करता मेच्या शेवटी करायची. कोपरा दुमडून बघा, भुकटी येते का, चीर जाते का. याला कुठलंही मशीन लागत नाही.

चौथी गोष्ट आपली. आपल्या टेरेसवर ऊन फुकट आहे आणि अमाप आहे. तिथे एक लोखंडी रॅक ठेवू, दक्षिणेकडे तोंड करून, साधारण २१ अंशांच्या कलाने, कारण आपला अक्षांश तेवढाच आहे. गावात मिळणाऱ्या चार-पाच प्रकारच्या ताडपत्र्या, थोडा कॅनव्हास, थोडं शेडनेट, वेगवेगळ्या दोऱ्या त्यावर बांधू. प्रत्येकाचा एक तुकडा अंधाऱ्या कपाटात ठेवू, तुलनेसाठी. दर महिन्याला ५० मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापून, दोन जबड्यांमधे २०० मिलिमीटर अंतर ठेवून, ताणा आणि बाणा दोन्ही दिशांनी ओढून तोडू. लॅबमधलं यूटीएम लोखंडी सळई तोडायला केलेलं आहे, त्याला कापडाची पट्टी म्हणजे हत्तीला मुंगी! चांगल्या ताडपत्रीची अशी पट्टी साठेक किलो वजन पेलते. त्यामुळे कापसाची गाठोडी मोजायला वापरतात तसा हुकचा काटा आणि एक घट्ट क्लॅम्प सुरुवातीला पुरे आहे. किती लांबल्यावर तुटली, हे पट्टीने मोजायचं, कारण पापड झालाय की नाही ते त्यातूनच आधी कळतं. केमिकलवाल्यांनी साखळ्यांचं बघावं, मेकॅनिकलवाल्यांनी क्लॅम्पचं, कॉम्प्युटरवाल्यांनी आलेख काढावेत. आम्ही सिव्हिलवाले रॅक वाहून नेऊ, नेहमीप्रमाणे.

वर्षभराने आपल्याकडे एक साधा तक्ता असेल. कुठल्या ताडपत्रीची ताकद वर्ध्याच्या उन्हात कितव्या महिन्यात निम्म्यावर येते, एवढाच. तो तक्ता मराठीत छापून तहसील कार्यालयात, ग्रामपंचायतीत, ताडपत्रीच्या दुकानात आणि गावाबाहेरच्या पालांवर नेऊन द्यायचा. प्रोजेक्टचे मार्क मिळतील ते वेगळेच. दर वर्षी आपण फायनल इयरला मागच्या बॅचचेच प्रोजेक्ट नवीन कव्हर घालून बांधतो, हे सरांनाही माहीत आहे आणि आपल्यालाही. त्यापेक्षा हे काय वाईट?

सर आणि मॅडम, आपण परवानगी द्यावी, टेरेसची किल्ली मिळावी, एवढीच विनंती. मित्रमैत्रिणींनो, ज्यांना यात यायचं असेल त्यांनी लेडीज हॉस्टेलच्या नोटीस बोर्डवर लावलेल्या कागदावर नाव लिहा. रॅक १ मार्चच्या आत उभा राहायला हवा. ऊन आपली वाट बघत थांबणार नाही.